शुगर उत्तम, माणूस कमी

नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी रायपूरच्या आमच्या बँकेतल्या मशीननं मला ओळखायला नकार दिला, आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

पेन्शनर माणसाला दरवर्षी या महिन्यात आपण जिवंत आहोत असं सरकारला कळवावं लागतं. मी स्वतः एकतीस वर्षं सरकारी नोकरी केली, त्यामुळे यात मला कधी अपमान वाटला नाही. कागद नसेल तर माणूस जिवंत आहे हे मानायचं तरी कशावरून? पूर्वी सहीवर भागायचं. आता मोबाइलपुढे तोंड धरायचं, डोळे मिचकवायचे, आणि मशीन आपला चेहरा आधारकार्डावरच्या फोटोशी ताडून पाहतं. काउंटरवरच्या मुलीनं मला सहा वेळा डोळे मिचकवायला लावले. शेवटी ती हिंदीत, फार अदबीनं म्हणाली की अंकल, मशीनच्या मते हे तुम्ही नाही.

माझ्या मागेच आमचे शेजारी चंद्राकरजी उभे होते. सिंचन खात्यातून निवृत्त झालेले, बावीस वर्षं आमच्या भिंतीला भिंत. मी त्यांना साक्षीदार म्हणून पुढे केलं. मॅनेजरनं विचारलं, देवीदास खोब्रागडे ते हेच का? चंद्राकरजींनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. इमानदार माणूस. म्हणाले, "हैं तो वही. पर अब उतने नहीं रहे."

या साक्षीचा फायदा झाला नाही. राजपत्रित अधिकाऱ्याच्या सहीचा कागद आणायला सांगितलं, आणि तो अधिकारी शोधण्यात तीन दिवस गेले. सही ज्यानं केली तो एके काळी माझ्या हाताखाली होता. त्यानंही पेन उचलण्याआधी मला वडिलांचं नाव विचारलं.

खरं सांगायचं तर मला त्या वेळी वाईट वाटलं नव्हतं. उलट छाती फुगली होती, जेवढी उरली होती तेवढी. कारण अडीच वर्षांपूर्वी मला मधुमेह निघाला तेव्हा माझं वजन पंच्याहत्तर किलो होतं, आणि आता चौपन्न. तीन महिन्यांची जी शुगर काढतात, ती पाच पॉइंट नऊ. आमच्या कॉलनीत असा आकडा कोणाचाच नव्हता. चंद्राकरजींची साडेआठ, समोरच्या विनोदिनीताईंची आठच्या खाली कधी येत नाही. सकाळी फिरायला निघालो की लोक मला थांबवून विचारायचे, खोब्रागडे साहेब, तुम्ही काय करता? आणि मी सांगायचो.

काय करायचो, तर खायचो नाही. डॉक्टरांनी फक्त 'भात कमी करा' म्हटलं होतं. पण मी फायलीतला माणूस. 'कमी करा' हा आदेश फार मोघम असतो, त्याचा जो तो सोयीचा अर्थ काढतो, म्हणून मी सरळ बंदी घातली. मग चंद्राकरजींनी सांगितलं, दूध सोडा. धान पिकवणाऱ्या घरातला माणूस भाताविषयी काही बोलणार नाही, म्हणून त्यांनी दुधावर काढलं. विनोदिनीताई शाळेत विज्ञान शिकवायच्या. त्यांनी जमिनीखाली उगवणारं सगळं बंद करवलं, अंडीही उष्ण म्हणून बंद, आणि फळांमध्ये फक्त जांभूळ ठेवलं, जे वर्षातून तीन आठवडे मिळतं. मोबाइलवर आलेल्या एका व्हिडिओनं रात्रीचं जेवण काढून घेतलं. या सगळ्यांची मी टाइप केलेली यादी टेबलाच्या काचेखाली ठेवली होती, अनुक्रमांकासह. शेवटी मला जे खायला परवानगी होती ते मोजायला बोटंसुद्धा पूर्ण लागत नव्हती. माझी बायको सुशीला सुरुवातीला म्हणायची की माणसाले खा लागते. मी तिला संयमावर एक लहानसं भाषण दिलं. मग तिनं बोलणं बंद केलं. माझं म्हणणं तिला पटलं असं मी धरून चाललो.

आमचा मुलगा यशदीप उरल्याच्या औद्योगिक वसाहतीत एका रोलिंग मिलमध्ये शिफ्ट इनचार्ज आहे. तो दोन वेळा तिथल्या कँटीनमध्ये जेवतो आणि घरी येतो तो फक्त धूळ झटकून झोपायला. आमच्या घरात मी मराठीत बोलतो आणि तो हिंदीत उत्तर देतो. वर्षानुवर्षं चाललं आहे, कोणाचं अडत नाही. त्यानं एकदा म्हटलं, "पापा, आप बहुत सूख गए हो." मी म्हटलं, सुकलो नाही बापू, आटोक्यात आलो.

एक अडचण मात्र होती, पँटची. गोलबाजारातल्या माझ्या शिंप्यानं माझ्या पँटा दोनदा कमी करून दिल्या होत्या. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा त्यानं कापड हातात घेऊन पाहिलं आणि परत दिलं. म्हणाला, मागचे दोन खिसे आता एकमेकांना चिकटले आहेत, यापुढे माझ्या हातात काही नाही, तुम्ही बेल्ट घ्या. मी उजव्या हातानं पँट धरली, डाव्या हातात पिशवी घेतली आणि बेल्टच्या दुकानाकडे निघालो. वाट भांड्यांच्या गल्लीतून जाते.

समोरून हातगाडी आली. बाजूला होण्यासाठी मी उजवा हात वर केला.

यापुढचं मी फार विस्तारानं सांगत नाही. पँट खाली आली, पायात अडकली, आणि मी पितळी पराती आणि हंड्यांच्या रचलेल्या थरावर गेलो. तो थर किती उंच होता ते त्याच्या आवाजावरून कळलं. अख्खी गल्ली थांबली. एकतीस वर्षं मी महिला-बालविकास खात्यात होतो. त्या गल्लीतल्या निम्म्या दुकानांतून अंगणवाड्यांसाठी खिचडी शिजवायचे गंज आणि पातेली मीच मागवली होती. सगळे मला ओळखत होते. मशीनच्या उलट, इथे एकालाही शंका आली नाही.

एका हमालानं खांद्यावरचा गमछा काढून माझ्या कमरेला बांधला, गाठ मारली, आणि नाव न सांगता ओझं उचलून निघून गेला. तो गमछा धुऊन ठेवला आहे. मी नंतर चार वेळा त्या गल्लीत गेलो, तो भेटला नाही. त्याचे आभार राहिलेच आहेत.

घरी आल्यावर पाहिलं तर उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख उचकटलं होतं आणि बाजूला एक चीर होती. एवढंसं. लहानपणी अशा जखमेवर आई हळद दाबायची आणि तिसऱ्या दिवशी आम्ही विसरायचो. मी हळद दाबली. तिसरा दिवस गेला, तेरावा गेला, चीर तशीच. उलट कडा पांढऱ्या पडून तिचा खड्डा होऊ लागला. तीन आठवड्यांनी यशदीपनं माझं काही न ऐकता मला गाडीवर बसवून समता कॉलनीतल्या एका सर्जनकडे नेलं.

सर्जननं रक्त तपासलं, पायाचा रक्तपुरवठा तपासला, शुगर पाहिली. सगळं ठीक. शुगर इतकी ठीक, की त्यानं कागद दोनदा वाचला. मी तेवढ्यात त्याला माझ्या यादीबद्दल सांगू लागलो. त्यानं हात वर करून मला थांबवलं आणि यशदीपला म्हणाला की जखम भरायला हवी तशी भरत नाही, हे चांगलं लक्षण नाही. अजून खोल गेली, हाडाला लागली, तर अंगठा काढावा लागू शकतो.

अंगठा. मी पायाकडे पाहिलं. चौसष्ट वर्षं तो माझ्या पुढे पुढे चालत आला होता आणि मी त्याच्याविषयी कधी विचारही केला नव्हता. त्याच दवाखान्यात खालच्या मजल्यावर आहारतज्ज्ञ बसतात, त्यांना आधी दाखवा, असं सर्जननं सांगितलं. मी मनात म्हटलं, आहाराचा आणि अंगठ्याचा काय संबंध? पण उतरलो.

आहारतज्ज्ञ म्हणजे गंधाली नावाची तिशीतली मुलगी. वडील अमरावतीकडचे, जन्म रायपूरचा; मराठी समजते पण तोंडातून हिंदी निघते, असं तिनंच आधी सांगून टाकलं. तिनं मी दिवसभरात काय खातो ते विचारलं. या प्रश्नाची मी अडीच वर्षं वाट पाहत होतो. सकाळी मेथीचं पाणी. मग कारल्याचा रस. दुपारी एक फुलका आणि लौकी, म्हणजे दुधीची भाजी. संध्याकाळी काकडी. रात्री मुगाच्या डाळीचं वरचं पाणी.

तिनं लिहून घेतलं आणि विचारलं, "और?"

मी म्हटलं, और काही नाही.

ती उठली. मला वजनकाट्यावर उभं केलं. मग तिनं ड्रॉवरमधून एक टेप काढली आणि माझ्या पोटरीला गुंडाळली. आता, टेप हा माझ्या नोकरीतला विषय आहे. अंगणवाडीतल्या पोरांच्या दंडाला लावायची ती लाल-पिवळी-हिरवी टेप मी हजारोंनी मागवली, मोजून घेतली, जिल्ह्यांना पाठवली. ती टेप माणसाच्या अंगावर कशी लागते ते मात्र मी पहिल्यांदाच पाहत होतो. थंड असते. त्यानंतर तिनं माझ्या हातात एक मूठवालं यंत्र दिलं आणि सांगितलं, पूर्ण ताकदीनं दाबा. मी दात आवळून दाबलं. काटा जरासा हलला आणि बसला. मी म्हटलं, यंत्र बिघडलेलं दिसते. गंधालीनं ते हातात घेऊन सहज दाबलं. काटा भर्रकन वर गेला. यंत्र बिघडलेलं नव्हतं.

मग ती म्हणाली, "काका, यह कुपोषण है."

मी माझ्या नोकरीत हा शब्द पन्नास हजार वेळा तरी लिहिला असेल. तो नेहमी दुसऱ्याचा असायचा. कोण्या ब्लॉकमधल्या, कोण्या पाऱ्या-वस्तीतल्या दोन वर्षांच्या पोट्टीचा. वजन त्योहार नावाच्या सरकारी मोहिमेत तिला काट्यावर ठेवायचे, आणि तिचं वजन सगळ्या राज्याच्या बेरजेत माझ्या टेबलावर यायचं. हा शब्द एका द्वितीय श्रेणीच्या निवृत्त कर्मचाऱ्याला लागू शकतो, अशी तरतूद कुठल्याही परिपत्रकात नव्हती. मी तिला विचारलं, मध्यम की गंभीर? ती म्हणाली, गंभीरच्या जवळ. मी विचारलं, कागदावर दुसरा काही शब्द लिहिता येईल का. 'अशक्तपणा' वगैरे.

ती हसली नाही. खुर्ची पुढे घेऊन बसली आणि माझ्यासाठी प्रयत्नपूर्वक मराठीत बोलली. "काका, तुमची शुगर चांगली आहे कारण तुम्ही खातच नाही. घर साफ आहे, कारण घरात सामानच नाही राहिलं. जखम भरायला प्रोटीन लागतं. तुमचा मिस्त्री रोज कामावर येऊन राहिला. ईंट नाही, रेत नाही. बसतो, अन् परत जातो."

हे मला समजलं. सरकारी बांधकामात मी असे मिस्त्री पाहिले आहेत.

तिनं कागद लिहून दिला. दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खायचं. दोन अंडी, दही, घट्ट डाळ, मूठभर शेंगदाणे, मासळी किंवा चिकन, आणि चक्क एक वाटी भात. शिवाय मधुमेहाच्या रुग्णांसाठीच बनवलेली एक पोषणाची पावडर, दोन वेळा, पाण्यातून. शुगर एकदम वर नेत नाही आणि अंगाला लागते. डब्यावर मधुमेहासाठी असं छापलेलं असेल तीच घ्या, दुसरी कुठलीच नको, हे तिनं दोनदा सांगितलं आणि त्याखाली रेघ मारली.

मी कुपोषणाची गोष्ट घराबाहेर जाऊ द्यायची नाही असं ठरवलं होतं. संध्याकाळी चंद्राकरजी आले आणि म्हणाले, सुना है आपको वो बच्चों वाली बीमारी हुई है. मागोमाग विनोदिनीताई आल्या. ज्यांनी ज्यांनी माझं एकेक खाणं बंद करवलं होतं, ते सगळे आता मला खाऊ घालायला आले, आणि त्याच आत्मविश्वासानं. चंद्राकरजींच्या मते गूळ-केळं-दूध. विनोदिनीताईंच्या भाच्याला एका जिममधल्या डब्यानं सहा महिन्यांत पहिलवान केलं होतं. आणि नेमकी गंधालीनं लिहिलेली पावडर आमच्या जवळच्या दुकानात संपलेली. चार दिवसांनी येईल म्हणाले.

दुसऱ्या सकाळी विनोदिनीताई स्वतः तो डबा घेऊन आल्या. घागरीएवढा डबा, त्यावर एका माणसाचं चित्र, ज्याचा एकेक दंड माझ्या कमरेएवढा होता. मी म्हटलं, बाई, यावर मधुमेहाचं काही लिहिलेलं नाही. त्या म्हणाल्या, तुम्हाला वजन वाढवायचं आहे की नाही? यावर वजन वाढवणारा असंच लिहिलं आहे. आयुष्यभर शीर्षक वाचून फायली पुढे सरकवलेल्या माणसाला हा युक्तिवाद बिनतोड वाटला. सुशीला म्हणाली, त्या पोरीनं रेघ मारून देली आहे, चार दिवस थांबा. पण मला अंगठा वाचवायचा होता. डब्यावर चार चमचे लिहिले होते. लवकर गुण यावा म्हणून मी सहा घेतले.

पहिल्या दिवशी फार उत्साह आला. दुसऱ्या दिवशी तहान लागली, आणि ती भागेचना. तिसऱ्या दिवशी दुपारी मी मोरीत जाऊन येतो म्हणून उठलो आणि दाराला धरून खाली बसलो. सुशीलानं उरल्याला फोन केला. यशदीप मिलच्या कपड्यांतच आला, तोंडावर काळी धूळ, आणि मला दोन्ही हातांवर उचलून गाडीत ठेवलं. तेवढंच वजन होतं माझं, की पोराला ते जमलं. शुगर चारशे बारा निघाली.

दवाखान्यात सलाइन लागल्यावर यशदीप खाटेशी बसून त्या डब्याचं लेबल वाचत होता. बारीक अक्षरं त्यानं मोबाइलनं मोठी केली. मग शांतपणे म्हणाला, "पापा, ये तो शक्कर का बोरा है." एवढंच. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं डबा खाली ठेवला आणि माझा पाय चादरीखाली सरकवून अंगठ्याला धक्का लागणार नाही असा नीट केला.

गंधाली दुसऱ्या दिवशी वॉर्डात आली. मी बोलणी खायला तयार होऊन बसलो होतो. ती माझ्याशी बोलायच्या आधी सुशीला तिला खुर्ची द्यायला उठली, आणि उठता उठता तिनं खाटेचा गज धरला. क्षणभरच. मला त्यात काही दिसलं नाही. गंधालीला दिसलं.

तिनं विचारलं, "काकू, तुम्ही काय खाता?"

सुशीला म्हणाली, "हे खातात तेच."

"तुम्हाला शुगर आहे का?"

"नाही जी. मले काहून राहीन?"

"मग?"

सुशीला पदराशी चाळा करत होती. म्हणाली, "हे काकडी खातील अन् मी यायच्यासमोर भात घेऊन बसू? घास नाही उतरत माह्या गळ्याखाली."

गंधालीनं तिला तिथल्या काट्यावर उभं केलं. एकेचाळीस किलो. ते मूठवालं यंत्र हातात दिलं. माझा काटा जरासा हलला होता. तिचा हललाच नाही म्हणायला हरकत नाही.

अडीच वर्षं मी रोज सकाळी स्वतःचं वजन करत होतो. त्याची वही होती. तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतात हे मी पाहिलं होतं आणि मोठ्या मापाच्या घेतल्या असतील असं समजलो होतो. दरवर्षीच्या अहवालात एक परिच्छेद ठरलेला असायचा: घरातली बाई सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी जेवते, तिच्याकडे विशेष लक्ष देण्याची आवश्यकता आहे. तो परिच्छेद मी लिहीत होतो. चांगल्या भाषेत लिहीत होतो.

मी भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग केलं. गंधालीला ते कळलं असावं. तिनं दोघांसाठी दोन वेगळे कागद लिहिले आणि माझ्या उशाशी ठेवले.

घरी आल्यावर यशदीपनं पहिलं काम केलं ते टेबलाची काच उचलून माझी यादी काढण्याचं. तिची त्यानं घडी केली आणि डुगडुगणाऱ्या कपाटाच्या पायाखाली सरकवली. मग तो दवाखान्याच्या मेडिकलमधून योग्य पावडर घेऊन आला. तिची चव म्हणजे ओल्या पुठ्ठ्याला कोणी व्हॅनिला लावल्यासारखी. पहिल्या दिवशी मी अर्धा ग्लास पिऊन बाकीचा तुळशीत ओतायच्या विचारात होतो. सुशीला समोर तिची उकडलेली अंडी घेऊन बसली होती. तिनं माझ्या हातातल्या ग्लासाकडे पाहिलं, आणि अर्धं अंडं बशीत ठेवून दिलं.

मी म्हटलं, खा ना.

ती म्हणाली, "तुम्ही ठेवलं, मीबी ठेवलं."

अडीच वर्षं जी गोष्ट तिनं मायेपोटी केली, तिचा आता तिनं हत्यारासारखा वापर सुरू केला. मी डाळ टाकली की ती डाळ टाकायची. मी दही नको म्हटलं की तिची वाटी पालथी. मी ग्लास संपवला. त्यानंतर आजवर मी ताटात काही टाकलेलं नाही. सरकारी यंत्रणेत इतकी परिणामकारक देखरेख मी पाहिली नाही.

विनोदिनीताई आठवडाभर आमच्याकडे फिरकल्या नाहीत. मग एका बुधवारी आल्या, दारातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, मी विज्ञानाची मास्तरीण, आणि लेबल नाही वाचलं. त्यांच्या हातात कापडी पिशवी होती, आणि ती त्यांनी अंगापासून लांब, साप धरावा तशी धरली होती. आत बारा अंडी. त्यांच्या घरात सात पिढ्यांत अंडं आलेलं नाही. त्या स्वतः दुकानात गेल्या, मागून घेतली, आणि रस्त्यानं सगळ्यांसमोर घेऊन आल्या. तेव्हापासून दर बुधवारी आणतात. पिशवी अजून तशीच धरतात. चंद्राकरजींनी आमच्या फाटकावरची ड्यूटी घेतली आहे. सल्ला द्यायला कोणी आलं की ते आधी बाहेरच त्याला विचारतात, डॉक्टर हो क्या? नाही म्हटलं की परत पाठवतात. आपणही त्या सल्लागारांतच मोडतो हे त्यांच्या लक्षात आलं आहे, कारण ते स्वतः आता माझ्याशी फक्त क्रिकेटबद्दल बोलतात.

तिसऱ्या आठवड्यात ड्रेसिंग बदलताना सर्जननं जखमेवर दिवा धरला आणि मला वाकून पाहायला लावलं. तळाशी लाल, ओलसर, दाणेदार मांस दिसत होतं. मी घाबरलो. तो म्हणाला, हेच तर पाहिजे होतं. मिस्त्री कामाला लागला होता. कडा दर आठवड्याला एकमेकींजवळ येत गेल्या. मी रोज पाय धुताना त्या अंगठ्याकडे पाहून घ्यायचो, मनातल्या मनात काही बोलायचो. काय बोलायचो ते लिहिण्यासारखं नाही. वयाला शोभत नाही.

नऊ आठवड्यांनी, जानेवारीच्या शेवटी, पट्टी कायमची निघाली. वजन साठ. तीन महिन्यांची शुगर सात. म्हणजे पूर्वीपेक्षा जास्त, आणि त्यावर डॉक्टरांनी माझं अभिनंदन केलं. वर्गात पहिला येणाऱ्या पोराला चौथा नंबर आल्यावर पेढे वाटावेत, तसं ते मला झालं. पण मी ते स्वीकारलं. गंधालीनं मूठवालं यंत्र दिलं, मी दाबलं, काटा हलला, आणि या वेळी वर जाऊन थांबला. मग तिनं ते सुशीलाच्या हातात दिलं. सुशीलानं दोन्ही डोळे मिटून दाबलं. गंधाली म्हणाली, काकू, आता काकांना सांभाळून राहायला सांगा.

मी गंधालीला काहीतरी म्हणायचं ठरवून गेलो होतो. आभाराची पत्रं मी मंत्र्यांसाठी लिहून दिलेली आहेत, शब्दांची मला कधी कमी नव्हती. तिच्यासमोर उभा राहिलो आणि 'बेटा' एवढंच निघालं. ती म्हणाली, "हव काका," आणि पुढच्या रुग्णाला बोलावलं. तिच्याकडे रांग होती.

बाहेर थंडीतलं कोवळं ऊन पडलं होतं. दवाखान्याच्या पुढे वळणावर एक बाई मोठ्या तव्यावर तांदळाच्या पिठाचे चीले काढत होती. सुशीला तिथे थांबली. आधी मला वाटलं चप्पल सरकली असेल. ती बाकावर बसली आणि तिनं चीला मागितला, टमाटरची चटणी जास्त घाल म्हणून सांगितलं. मी बाजूला बसलो. गंधालीच्या कागदावर माझ्यासाठी एक चालत होता. तो मी घेतला आणि हळूहळू खाल्ला. सुशीलाचा एक संपला, तिनं दुसरा घेतला. चटणी बोटाला लागली ती चाटली. आमच्या लग्नाच्या पहिल्या वर्षी ती अशी जेवायची, गरम असलं तरी न थांबता, फुंकर मारत मारत. मला ते आठवलं नव्हतं इतकी वर्षं.

मला तिला सांगायचं होतं. अडीच वर्षांचं, वॉर्डातलं, सगळंच. मी चटणीची वाटी तिच्याकडे सरकवली.

ती म्हणाली, "काय पाहून राहिले?"

मी म्हटलं, काही नाही.

"मंग खा न तुम्ही तुमचं." असं म्हणून तिनं तव्याकडे हात केला आणि तिसरा चीला मागितला. या वेळी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.